चौथीचं सोल्डरिंग स्टेशन

ती पहिल्यांदा दुकानात शिरली त्या क्षणी दुकानातल्या झाडून सगळ्या मीटरांचे काटे डावीकडून उजवीकडे गेले, असं दुकानदार आजही छातीवर हात ठेवून सांगतो. त्या मीटरांत सेल नव्हते, ही गोष्ट वेगळी. भिंतीवरचा पंखा थबकला, काउंटरच्या काचेला तडा गेला आणि शेजारच्या चावीवाल्याच्या हातातली अर्धी कापलेली चावी आपोआप पूर्ण झाली, असंही तो सांगतो. खरं एवढंच होतं की दुकान बोळासारखं अरुंद आहे. दोन गिऱ्हाइकं आली की एकाने श्वास घ्यायचा आणि दुसऱ्याने सोडायचा, अशी वाटणी करावी लागते. तिच्या खांद्यावरची पिशवी दारात अडकली. तिने ती ओढली. पिशवीबरोबर वायरींच्या भेंडोळ्यांचं रॅक आलं, रॅकबरोबर वरचा पुठ्ठ्याचा खोका आला, आणि खोक्यातल्या हजारभर चिमुकल्या रेझिस्टरांचा दुकानदाराच्या टकलावर वर्षाव झाला.

दुकानदार तेव्हा नुकताच बसला होता. वाक्य साधं आहे, पण त्याच्या दिवसात ही घटना क्वचित घडते. शनिवार होता, आणि सकाळपासून तो बसायचा प्रयत्न करत होता. दर वेळी बूड स्टुलाला टेकलं न टेकलं तोच कुणीतरी येऊन सगळ्यात वरच्या फळीवरची वस्तू मागायचं, ती हातात घेऊन उलटसुलट बघायचं आणि "ठीक आहे, विचार करून सांगतो" म्हणून चालू पडायचं. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या धंद्यात तीस वर्षं काढल्यावर माणसाला पहिली शिकवण ही मिळते की जगात विचार करून सांगणारे पुष्कळ आहेत आणि सांगायला परत येणारा एकही नाही.

"सोल्डरिंगचं स्टेशन दाखवा," ती म्हणाली. पडलेल्या रॅककडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"कुणासाठी?" दुकानदाराने कानातला रेझिस्टर काढत विचारलं.

"माझ्यासाठी."

साठीच्या आसपासची बाई. जाड भिंगांचा चष्मा, चापूनचोपून बांधलेला अंबाडा, पायांत पावलं सुजल्यावर घालतात तसल्या रुंद चपला. दुकानदाराने मनातल्या मनात सुस्कारा सोडला आणि आपलं ठेवणीतलं भाषण सुरू केलं. ते तो इतक्यांदा करून चुकला होता की ते चालू असताना त्याला डोळे मिटता येत.

"असं बघा ताई, सोल्डरिंग म्हणजे झाळकाम. कथील आणि शिसं मिळून एक तार असते. ती वितळवायची आणि दोन धातू..."

ताईंनी काउंटरवरचं तारेचं रीळ उचललं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. "ह्यात राळ कमी आहे," ती म्हणाली. "धूर कोरडा येईल. दुसरं काढा."

दुकानदाराने डोळे उघडले.

आता या ठिकाणी स्टेशन म्हणजे काय ते सांगून टाकायला हवं. एक डबा असतो. डब्यावर तापमानाचा आकडा. डब्यातून वायर निघते, वायरीच्या टोकाला जाड पेनासारखी मूठ, मुठीच्या टोकाला तापणारं टोकदार बिट. शेजारी ते टेकवायला स्टँड आणि पुसायला ओला स्पंज. बस्स. भिंतीच्या प्लगात खुपसायची साधी सळई मिळते तिच्यात आणि यात फरक इतकाच, की सळई आपल्या मर्जीने तापते आणि स्टेशन तुमच्या. रोजचं काम करणारे मेकॅनिक दुकानात येतात, "साठ वॅट द्या" म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात बाहेर पडतात. खरा छळ छंदवाल्यांचा. त्यांना स्वस्त हवं असतं, टिकाऊ हवं असतं, आणि त्याहीपेक्षा निवड चालू राहायला हवी असते. एका दातांच्या डॉक्टरांनी चौदा महिने स्टेशन निवडलं. त्यांनी तक्ता केला होता, चार रंगांत. चौदाव्या महिन्यात त्यांचा छंद बदलला. आता ते मासे पाळतात आणि पाण्याच्या पंपासाठी येतात. पंपाचाही तक्ता आहे.

तेव्हा ही बाई छंदवाली आहे एवढं कळताच दुकानदाराने मनात चौदा महिने मोजले. त्याने निळ्या रंगाचं एक स्टेशन खाली काढलं. साधं, बेताच्या किमतीचं, एका चांगल्या मिक्सरपेक्षा स्वस्त. काळ्या रंगाचं दुसरं थोडं महाग, आकडा मोठा आणि लाल.

"लावून बघू?" तिने विचारलं.

"इथे?"

"मग काय घरी नेऊन बघू आणि परत आणू? तुम्हाला चालेल?"

चालणार नव्हतं. त्याने प्लग दिला. तिने पिशवीतून रिकामा सर्किट बोर्ड काढला, पत्त्याच्या पानाएवढा. प्लास्टिकच्या पुडीतून सुटे भाग काढले, चष्मा कपाळावर सारून नाक बोर्डाला टेकेल इतकं खाली नेलं आणि मूठ उचलली. मूठ तिच्या बोटांत जाऊन बसली ती अशी, की दुकानदार रॅक उचलायचं विसरला.

"एक, दोन, उचल," ती पुटपुटली. धुराची रेघ वर गेली. "एक, दोन, उचल. एक, दोन, उचल."

टाके पडत गेले. एकाच मापाचे, चकचकीत, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. दुकानदाराने तीस वर्षांत स्वतः मारलेल्या टाक्यांची त्याला थोडी लाज वाटली. बऱ्याच वेळाने एका ठिकाणी बिट टेकलं आणि मोजणी पुढे गेली. "एक, दोन... तीन... चार. उचल." तिने मूठ स्टँडवर ठेवली.

"धाप लागते याला," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तुमच्या निळ्याला. आधी बरं चालतं, मग दम जातो. आकडा बघा, तसाच्या तसा. म्हणजे आकडा खोटा बोलतोय. काळं लावा."

काळ्यालाही धाप लागली, आणि तीही बरोबर तिथेच.

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि दुकानदाराला एकदम घरच्यासारखं वाटलं. तरीही ते टाके डोळ्यांपुढून जाईनात, म्हणून त्याने वही ओढली. "नाव सांगून ठेवा. दुसरं काही आलं तर कळवतो."

"चौथी."

"शिक्षण नाही विचारत हो. नाव."

"नावच सांगतेय. चौथी लिहा. बावीस वर्षं हेच नाव होतं, दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली तर मी आता वळूनही बघत नाही."

मग कळलं ते असं. गावाबाहेरच्या एका कारखान्यात एक लांब टेबल होतं, त्याला नऊ खुर्च्या. बोर्ड पहिल्या खुर्चीपाशी निघायचा आणि नवव्या खुर्चीपाशी पुरा व्हायचा. प्रत्येक खुर्चीने चार टाके मारायचे आणि पुढे सरकवायचा. खुर्चीवर बसणारीचं नाव पडायचं खुर्चीवरून: पहिली, दुसरी, तिसरी. पाचवी रजेवर गेली आणि तिच्या जागी दुसरी बसली तर सगळ्या दिवसाचा घोळ व्हायचा. दुसरी पाचवी झाल्यावर दुसरीला काय म्हणायचं? बाईंची खुर्ची चौथी. बावीस वर्षं तेच चार टाके. त्याच्या आधी काय घडतं आणि पुढे काय घडतं हे तिने पाहिलं नव्हतं, कारण मान वर केली की मोजणी चुकायची. एक टाका म्हणजे दोन मोजायचे. एका साहेबांनी घड्याळ लावून पहिल्या खुर्चीचे टाके मोजले होते, नवाने गुणले होते आणि जेवायला निघून गेले होते. तेव्हापासून दोन म्हणजे दोन.

तो बोर्ड कशाचा, तर गाडी मागे घेताना पीं-पीं वाजणाऱ्या डबीचा. दुकानात बोलत असताना बाहेर एक टेम्पो मागे आला, आणि चौथीने मान न वळवता सांगितलं, "आमचा आहे."

कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद झाला. निरोपाची भेट म्हणून प्रत्येकीला एक खोका मिळाला. द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून खोक्यात रिकामे बोर्ड, सुट्या भागांच्या पुड्या आणि कुठल्या खुर्चीने कुठे टाका मारायचा त्याचा छापील कागद. बाकीच्यांनी त्याचं काय केलं असेल ते असो. चौथीने खोका कपाटाखाली ठेवला, त्याला पाय लागून दोन वर्षं ठेचकाळत राहिली, आणि एके दिवशी ठरवलं.

"मी तिथे कायम म्हणायचे," ती म्हणाली, "मला नऊच्या नऊ खुर्च्या द्या, एकटी करून दाखवते. दोनच्या मोजणीत. हसायच्या सगळ्या. आता एक अख्खा बोर्ड करायचाय, पहिल्यापासून नववीपर्यंत, दोनने. एकच करीन. पण मशीन दमणारं नको, भाऊ. मी स्वतःच इतकी दमलेय की दोघी दमलेल्या एका टेबलावर नकोत."

दुकानदाराला हे वाक्य आवडलं. त्याच्या घरी हीच परिस्थिती होती.

पुढचा शनिवार आला, आणि चौथी आली. शनिवार दुपार ही दुकानदाराची ठेवणीतली वेळ होती. गिऱ्हाईक नसतं, काउंटरवर हात, हातावर डोकं, आणि डोक्यात काही नाही. त्या वेळेवर तिने कायमचा कब्जा केला. निळं पुन्हा लावलं. बिट बदललं, जाड घेतलं. धाप. आकडा वाढवला. बोर्डाला पिवळसर डाग पडला, वास आला, धाप कायम. काळं उघडून आत काय आहे ते दाखवा म्हणाली. दुकानदाराने आयुष्यात पहिल्यांदा विकायची वस्तू गिऱ्हाइकासमोर खोलली. आत एवढीशी पट्टी आणि पुष्कळशी हवा होती. दोघांनी हवेकडे बघितलं.

"ह्याच्यात हवाच विकत घ्यायची तर बाहेर फुकट आहे," चौथी म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी ती गावातल्या बाकीच्या चार दुकानांत जाऊन आली होती. एकाने तिला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्याने "मुलाला पाठवा" सांगितलं होतं. तिसऱ्याच्या दुकानात तिने बोर्ड पुढे केला आणि त्याच्याकडच्या दोन्ही स्टेशनांना तिथेच धाप लागली. चौथा भला माणूस होता. त्याने चहा दिला आणि या दुकानाचा पत्ता दिला.

घरी हे प्रकरण पोचायचं ते पोचलंच. दुकानदाराच्या बायकोचा भर दुपारी फोन आला.

"जेवायला येताय की नाही?"

"थांब गं जरा. चौथी आलीय."

पलीकडे लाटणं थांबलं. मग बायको म्हणाली, "पहिली इथे पोळ्या लाटत बसलीय. दुसरी आणि तिसरी कोण तेवढं सांगा, म्हणजे पानं किती घ्यायची ते कळेल."

चौथीला फोनमधलं सगळं ऐकू गेलं. ती हसली नाही. तिने नुसतं म्हटलं, "चांगली आहे हो तुमची बायको. वेळेवर बोलते," आणि पुन्हा बिट पुसायला लागली.

दुकानदाराने घाऊकवाल्याकडून जड स्टेशन मागवलं. तिच्या ऐपतीच्या जरा वर, पण त्याने आपला नफा सोडायचं ठरवलं होतं. नफा सोडायची त्याला सवय होती. नवीन इतकंच होतं की या वेळी तो आपणहून सोडत होता. पेटी आली. दोन हातांनी उचलावी लागे. चौथ्या शनिवारी दोघांनी मिळून ती काउंटरवर ठेवली, प्लग लावला, आणि टाके सुरू झाले. एक, दोन, उचल. एक, दोन, उचल. पहिली खुर्ची, दुसरी, तिसरी. चौथ्या खुर्चीचे चार टाके तिने बोर्डाकडे न बघता मारले. पाचवी. सहावी. सातवीचा पहिला टाका, दुसरा, तिसरा.

"एक, दोन, तीन... चार. उचल."

मूठ स्टँडवर गेली.

"आता बास, ताई," दुकानदार म्हणाला. त्याच्या अंगात एक जुना, शिळा राग उठला. तो तिच्यावर नव्हता, पण दुसरं कुणी समोर नव्हतं. "जगातल्या सगळ्या कंपन्या खोट्या आणि तुम्ही एकट्या खऱ्या, असं कसं होईल? हे घ्या. माझं स्वतःचं लावा."

आतल्या कामाच्या टेबलावर त्याचं स्वतःचं स्टेशन होतं. वीस वर्षं जुनं, मुठीला तीन ठिकाणी चिकटपट्टी, विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, बायकोलाही पुसू द्यायचं नाही. तिने नवा बोर्ड घेतला, सुटे भाग लावले. सातवीच्या चौथ्या टाक्याला तिने बिट टेकवलं. दुकानदार मनात मोजू लागला.

चार झाले.

"माझ्याला धाप?" तो इतक्या जोरात म्हणाला की चावीवाला डोकावून गेला. कुणी त्याच्या आईबद्दल बोललं असतं तरी तो इतका दुखावला नसता. त्याने तिच्या हातातून बोर्ड हिसकावला, दिव्याखाली धरला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. चार शनिवार तो बोर्ड त्याच्यासमोर होता. त्याने एकदाही उलटा करून पाहिला नव्हता. आकडे पाहिले, डबे पाहिले, घड्याळ पाहिलं. तीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाने बोर्डाची पाठ बघू नये, म्हणजे त्याचा थकवा केवढा असेल ते बघा.

मग तो हळूच स्टुलावर बसला.

"ताई, इकडे या. ह्या तांब्याच्या रेघा बघा. ह्या गल्ल्या. बारीक. बिट टेकवलं की उष्णता इथल्या इथे राहते, दोन मोजायच्या आत वितळतं. आता ही सातवीची शेवटची जागा बघा. इथे गल्ली नाही. मैदान आहे."

खरंच, बोर्डाच्या एका बाजूला तांब्याचा रुंद पट्टा होता. सगळ्या भागांची निगेटिव्ह टोकं तिथे येऊन मिळत होती.

"इथे बिट टेकवलं की उष्णता मैदानभर पळते. कुठलंही स्टेशन लावा. आधी मैदान तापेल, मग टाका वितळेल. चार लागणारच. चारच बरोबर."

"दोनमध्ये नाही होणार?"

"वरून झालेला दिसेल. आतून कच्चा राहील. गाडी चार खड्ड्यांत आदळली की सुटेल."

चौथीने बोर्ड घेतला. चष्मा खाली ओढला, परत वर सारला. तांब्याच्या मैदानावरून अंगठा फिरवला, धूळ पुसावी तसा. बाहेर कुणीतरी येऊन पेन्सिल सेल आहेत का म्हणून विचारलं. दुकानदाराने हातानेच नाही म्हटलं. पेन्सिल सेल त्याच्यामागे डझनाने टांगलेले होते.

"म्हणजे सातवी तिथे चार लावत असणार," चौथी म्हणाली. "आम्ही तिला गोगलगाय म्हणायचो."

दुकानदाराने भिंग खिशात ठेवलं.

"मी मोठ्याने मोजायचे, भाऊ. टेबलावर एकीने मोजायचं असतं, बाकीच्यांनी त्यावर हात चालवायचा. माझा आवाज खणखणीत, म्हणून मी. सातवीपाशी रोज लाइन तुंबायची. आठवी आणि नववी बसून राहायच्या, जांभया द्यायच्या. एकदा सुपरवायझरने सगळ्यांसमोर विचारलं, कुठे अडतंय? कुणी बोलेना. मी म्हटलं, सातवीपाशी. खोटं नव्हतं ना ते?"

"नव्हतं."

"दुसऱ्या दिवशी सातवी पॅकिंगला. खोक्यांना पट्ट्या चिकटवायला. अकरा वर्षं. एकाच बसने जायचो यायचो. ती पुढच्या दाराने चढायची, मी मागच्या."

"आणि तिच्या जागी आली ती?"

"चुणचुणीत होती. दोन मोजून उचलायची." ती थांबली. "मग बोर्ड परत यायला लागले. पेट्यांच्या पेट्या. आम्ही म्हणायचो, माल हलका यायला लागलाय."

तिने निळं स्टेशन घेतलं. पहिल्या शनिवारी जे खाली काढलं होतं तेच. सगळ्यात स्वस्त, आणि दुकानदाराच्या मते तिच्या कामाला पुरून उरणारं. चार शनिवार, चार स्टेशनं, एक हिसकावलेला बोर्ड आणि एक घाऊकवाला एवढं सगळं फिरून दोघं पहिल्या जागी आले होते. एरवी अशा वेळी दुकानदार मनात चार शब्द तरी बोलला असता. त्या दिवशी त्याने स्पंज फुकट दिला.

पुढच्या शनिवारी ती तयार बोर्ड घेऊन आली. छत्तीस टाके. पस्तीस दोनचे आणि एक चारचा. दुकानदाराने बारा व्होल्ट जोडले आणि दुकानात पीं-पीं-पीं झालं. दाराशी उभी असलेली तीन गिऱ्हाइकं मुकाट्याने बाजूला सरली, आणि एकाने मागे वळून गाडी शोधली. चौथीने वायर काढली.

"झाला," ती म्हणाली. तिच्या तोंडावर आनंद वगैरे नव्हता. दिवसभराचं धुणं वाळत घातल्यावर बाईच्या तोंडावर जे असतं तेवढंच होतं. "भाऊ, तुमच्याकडे स्कूटर आहे ना?"

"आहे, पण..."

"सातवीकडे जायचंय. मी एकटी गेले तर बोलायचं राहून जाईल. ती पाणी देईल, मी पिऊन परत येईन. तुम्ही ते मैदानाचं समजावून सांगा, नीट, मला सांगितलंत तसं. माझं चुकलं हे मी म्हणेन. पण का चुकलं ते तुम्ही सांगा. तुम्ही दुकानवाले. तुमचं कुणी ऐकतं."

दुकानदाराचं घरात कुणी ऐकत नव्हतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आठवड्यातली ती एकच सुट्टी तो पालथं पडून घालवत असे. पालथंच का, तर उताणं पडलं की बायकोला त्याचे डोळे उघडे दिसतात आणि कामं सांगता येतात. तरी तो सकाळी स्कूटर पुसून निघाला. चौथी मागे बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत बोर्ड. सगळा रस्ता तिचा हात पिशवीवर होता. एका चौकात लाल दिव्यापाशी तिचं पुटपुटणं त्याच्या कानावर आलं, एक, दोन, तीन, चार. हिरवा होईना तसं ते परत पहिल्यापासून सुरू झालं.

सातवी एका चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती. जिने चढताना चौथी दोनदा थांबली. दार उघडं होतं. आत एक गोलमटोल बाई गादीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, अगदी सावकाश, प्रत्येक बाही सरळ करून, त्यावरून हात फिरवून. बघता बघता दुकानदारालाच पेंग यायला लागली.

"अगंबाई, चौथी!" सातवी म्हणाली, पण उठली नाही. "ये. बस. हे कोण? तुझे मालक का? तब्येत सुधारलीय की त्यांची."

"मालक नव्हेत. दुकानवाले आहेत."

"मग विकायचं काही असेल तर नको गं बाई. मागचंच पडून आहे."

चौथीने पिशवीतून बोर्ड काढला आणि गादीवर ठेवला. दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने घसा साफ केला आणि गल्ल्या सांगितल्या, मैदान सांगितलं, उष्णता कशी पळते ते सांगितलं. असं मन लावून त्याने कित्येक वर्षांत कुणाला काही समजावून सांगितलं नव्हतं. सातवी घडी घालता घालता ऐकत होती. मध्येच एकदा "हं" म्हणाली.

"तेव्हा दोष तुझा नव्हता," चौथी म्हणाली. तिचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "तिथे चारच लागत होते. आणि मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. माझं चुकलं. अकरा वर्षं तू पट्ट्या चिकटवल्यास, माझ्यामुळे. मला माहीत नव्हतं तिथे चार लागतात."

"मला माहीत होतं," सातवी म्हणाली.

"काय?"

"चार लागतात ते. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. हाताला कळतं ना." तिने एक पायजमा उचलला, झटकला. "मी सहा लावायचे."

चौथीने दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने छताकडे पाहिलं.

"सहा?"

"कधी सात. कंटाळा यायचा गं. धूर थेट माझ्या तोंडावर यायचा, आणि तुझं ते एक, दोन, उचल, एक, दोन, उचल. रात्री स्वप्नातसुद्धा तू मोजायचीस. पॅकिंगला खिडकी होती. स्टूल हलकं होतं, कुठेही ओढून बसता यायचं. मी दोन वर्षं वाट बघत होते कोणीतरी तक्रार करेल म्हणून. कुणी करेचना, सगळ्या भिडस्त. शेवटी तू केलीस. मला वाटलं, चला, एक तरी बाई धड आहे."

"मग बसमध्ये बोलली का नाहीस?"

"तू कुठे बोललीस? मागच्या दाराने चढायचीस. मला वाटलं, हिला गर्व झालाय. बाकी जाऊ दे. चहा टाकू? पण साखर संपलीय, खाली जाऊन आणावी लागेल. भाऊ जातील का?"

भाऊ गेले. तीन मजले उतरले, साखर घेतली, तीन मजले चढले. ते परत आले तेव्हा दोघी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. चौथीच्या घड्या भराभर पडत होत्या, सातवी त्या उलगडून पुन्हा नीट घालत होती. बोलणं चाललं होतं ते गुडघ्यांबद्दल. बोर्ड उशीखाली अर्धा गेला होता. निघताना चौथीने तो काढून परत पिशवीत टाकला.

परतीच्या वाटेवर दुकानदाराने स्कूटर सावकाश चालवली. तिला घराशी सोडताना तो म्हणाला, "स्टेशनला काही झालं तर आणा. वर्षाची वॉरंटी आहे."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतरच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पावसाळ्यानंतर तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग ती मुलीकडे राहायला गेली. निळं स्टेशन बरोबर नेलं नाही. तिकडे जागा नव्हती.